गौताळ्याच्या पायथ्याला सुट्टीचं घर बांधताना

लातूरच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलंय: कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या हद्दीजवळ, डोंगराच्या पायथ्याला आमची तीन एकर मुरमाड जमीन आहे. पीक जेमतेम येतं. तिथे एकच कॉटेज बांधून सुट्टीत आम्ही राहावं, एरवी एखाद्या कुटुंबाला चार दिवस द्यावं असा विचार आहे. डिझायनरने बाली-गोव्याच्या धर्तीचं चित्र काढून दिलंय. उतरतं गवती छप्पर, पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत, समोर पोहण्याचा तलाव. हे इथे चालेल का? आणि आलेल्या पाहुण्यांना आजूबाजूला दाखवण्यासारखं काय आहे?

ताई, कन्नड, खुलताबाद, सिल्लोड या पट्ट्यात मी 26 वर्षं शेतघरं बांधतोय. माझं स्वतःचं दोन खोल्यांचं घरही 14 वर्षांपासून पाहुण्यांना देतो. त्यामुळे आधी निकाल सांगतो. जागा उत्तम आहे. आजूबाजूला वस्ती नाही आणि घर एकच, ही कल्पनाही चांगली आहे. चित्र मात्र बाजूला ठेवा. ते भरपूर पावसाच्या, दमट हवेच्या किनाऱ्यावरचं आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या 40-45 दिवसांत पडतो आणि पावसाळा सोडला तर हवा कोरडी. उष्ण कटिबंध दोन्हीकडे, पण तिथल्या घराला ओल बाहेर काढावी लागते आणि इथल्या घराला ऊन बाहेर ठेवून पाणी आत साठवावं लागतं. इतका उलटा हिशोब आहे.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. भिंती, छप्पर, पाहुणे सगळं त्याच्या मागून.

तुमच्या पायथ्याच्या जमिनीत वर हातभर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ, सच्छिद्र खडक आणि त्याखाली काळा पाषाण असा थर सापडेल. पाणी धरतो तो मुरूम आणि मांजऱ्या. काळा पाषाण अखंड असला तर त्यात थेंब नसतो, चिरा असल्या तरच पाणी. मार्गशीर्षात एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीत वाकून बघा. मुरूम संपून मांजऱ्या सुरू होतो त्या रेषेवर भिंत ओली दिसते, तिथे बारीक नेचे उगवलेले असतात आणि थेंब खाली पडल्याचा टपटप आवाज येतो. तो पाझर चैत्रापर्यंत टिकत असेल तर जमीन पाण्याची आहे. जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या पाणाड्याचा नारळ फिरतो की नाही यापेक्षा मला हा पाझर खात्रीचा वाटतो.

एका गिऱ्हाइकाच्या हट्टाने मी काही वर्षांपूर्वी डोंगराच्या सोंडेवर घर बांधून दिलं होतं, समोर तलावासकट. बोअर 400 फूट नेला. पहिली दोन वर्षं पाणी होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर फुफाटा ओकायला लागला आणि पाहुण्यांच्या अंघोळीसाठी टँकर आला. खालच्या वस्तीवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन त्या टँकरच्या बाजूने वर चढत होत्या. मला ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या तलावात आज पाचोळा आहे. तेव्हापासून मी तलावाचं काम घेत नाही. तुम्ही लातूरच्या आहात, 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हाचे दिवस तुम्ही काढले असतील. तुम्हाला हे जास्त समजावून सांगायला नको.

तरी आकडा मांडून दाखवतो. 20 फूट लांब, 12 फूट रुंद, 4 फूट खोल एवढा लहान तलाव धरला तरी 27,000 लिटर पाणी लागतं. वैशाखात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं तरी रोजचे 220 लिटर हवेत जातात. उलट बाजूने बघा. 1000 चौरस फुटांच्या छपरावर 700 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं 80 टक्के हाती लागलं, तर 52,000 लिटर होतात. सहा माणसांच्या कुटुंबाला अंघोळ, स्वयंपाक, चादरी धुणं धरून दिवसाला 1000 लिटर लागतील. म्हणजे छपराचं पाणी नीट साठवलं तर 50 दिवसांच्या पाहुण्यांची सोय झाली, विहिरीला हातही न लावता. जोत्याखाली 50,000 लिटरची टाकी बांधा. पहिले दोन पाऊस छप्पर धुऊन बाहेर जाऊ द्यायचे, नंतर पाणी टाकीत वळवायचं. तोंडाशी रेती, विटांचे तुकडे आणि कोळशाचा गाळणीखड्डा ठेवायचा. पिण्यासाठी मात्र हे पाणी उकळून किंवा फिल्टर लावूनच द्या.

पाहुण्यांना पाण्यात खेळायचंच असतं, ते मी नाकारत नाही. त्याला आपल्याकडचं उत्तर आहे. विहिरीवर मोटारीच्या धारेखाली काळ्या दगडाचा कमरेइतका हौद बांधा आणि हौदातून पाट काढून सीताफळ, पेरू, केशर आंब्याच्या झाडांना द्या. अश्विनापासून माघापर्यंत सकाळी दहाच्या सुमाराला मोटार सुरू केली की मुलं धारेखालून उठत नाहीत. जमिनीतून आलेलं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, ते अंगावर घेतल्यावर शहरातली माणसं एकदम गप्प होतात. ते पाणी झाडांना जातंच आहे, वाया काही जात नाही. फाल्गुनानंतर हौद बंद ठेवायचा आणि तसं पाहुण्यांना आधीच कळवायचं.

दोन गोष्टी याच ओघात. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्याची आडकाठी आहे, अंतर आधी मोजून घ्या. आणि सांडपाणी उघड्यावर सोडू नका. सेप्टिक टँक नीट बांधा, मोरी-न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात न्या. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास दोन्ही घालवले. ते काम बघून यावं असं आहे.

आता घर. जागा सोंडेवर निवडू नका, ओढ्याच्या काठावरही नको. सोंडेवर वारा छप्पर उचलतो, पाणी चढवावं लागतं आणि दुपारभर सावली मिळत नाही. ओढा आज कोरडा दिसला तरी भाद्रपदात एका रात्रीत पात्र सोडतो. पायथ्याच्या पहिल्या टप्प्यावर, ओढ्यापासून उंच आणि डोंगर पाठीशी पश्चिमेला येईल असं घर बसवा. वैशाखात साडेपाचच्या पुढे डोंगराचीच सावली घरावर येते. डिझायनरला पश्चिमेचा सूर्यास्त दाखवायचा आहे, पण त्या काचेमागे मे महिन्यात चार वाजता कोणी बसू शकणार नाही. पश्चिमेची भिंत जाड आणि आंधळी ठेवा, तिला फार तर वर एक झरोका. उघडझाप उत्तर आणि पूर्वेला. सूर्यास्त बघायला गच्ची आहे.

भिंत काळ्या दगडाची, दीड ते दोन फूट, आतून चुन्याचा गिलावा. दगड तुमच्याच शेतात निघेल. पाया मुरमापर्यंत न्या. मध्ये कुठे काळीचा पट्टा लागला तर ती माती पूर्ण काढून टाका. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टेकवलेल्या भिंतीला तिरपी चीर गेल्याशिवाय राहत नाही.

छपराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिथेच सगळे फसतात. गवती छप्पर इथे तीन कारणांनी नको. फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लागतो आणि ठिणगी वाऱ्यावर अर्धा किलोमीटर येते. गवतात उंदीर होतात, उंदरांच्या मागे साप येतात. आणि वानरं. वीस-पंचवीस वानरांचा कळप छपरावर एकदा नाचला की सकाळी खालून आभाळ दिसतं. पत्र्यावरही ती नाचतात, आवाजाने पाहुणे दचकून उठतात आणि दुपारी पत्र्याखाली भट्टी होते, ती वेगळीच.

आपल्या भागाचं खरं छप्पर म्हणजे माळवद. लाकडी खांब, तुळया, सरे, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर वीतभर किंवा जास्त पांढरी माती. तुमच्या लातूरकडच्या जुन्या वाड्यांत तुम्ही ते बघितलं असेल, मधल्या खोलीत साण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, उजेडाचा एक खांब जमिनीवर उतरलेला असतो. अशा खोलीत वैशाखातल्या दुपारी पाय टाकला की डोळ्यांवरचा ताण उतरतो. माती दिवसभर ऊन पिते आणि ते खाली पोहोचेपर्यंत रात्र होते. पण माळवदाला दर मृगाआधी नवी पांढरी माती टाकून, धोपटून, पन्हळी मोकळ्या करून घ्याव्या लागतात. घरात कायम माणूस असेल तरच हे होतं. तुम्ही लातूरला राहणार. एक वर्ष चुकलं की सऱ्यांना ओल लागून वाळवी शिरते, आणि आता सागाचा सरा घ्यायचा तर किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

म्हणून मी मधला मार्ग काढतो. लोखंडी गर्डर, त्यावर शहाबादी फरशी, त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला कोबा चांगला जाड, आणि वरून दरवर्षी चुन्याचे दोन हात. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं, कोबा उरलेलं अडवतो. साण्याची जागा सोडा, त्यावर जाळी आणि झाकण बसवा. उन्हाळ्याच्या रात्री झाकण उघडलं की तापलेली हवा वर निघून जाते आणि खालच्या उत्तरेच्या खिडकीतून गार हवा आत ओढली जाते. पंख्याशिवाय झोप लागते असं मी छातीठोकपणे सांगेन. लाइट गेली तरी पाहुण्यांची तक्रार येत नाही.

दक्षिण आणि पूर्वेला आठ फुटांची ओसरी. दिवसाचे दहा तास माणसं तिथेच असतात, म्हणून खोल्या लहान चालतील, ओसरी लहान चालणार नाही. पश्चिमेला कडुलिंब आणि करंज लावा. पळस सुंदर, पण ऐन फाल्गुनात तो उघडा असतो. कडुलिंबाला चैत्रात नवी पालवी येते, म्हणजे सावली हवी त्याच महिन्यात मिळते. झाडं बांधकामाच्या दोन पावसाळे आधी लावून टाका.

साप-विंचवाचा प्रश्न तुमच्या मिस्टरांनी वेगळा विचारलाय, तो योग्यच आहे. डोंगराच्या पायथ्याला नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं चारही असतात. फुरसं दगडाखाली, सुक्या पाचोळ्यात. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं कधीकधी कळतही नाही. त्यामुळे खाली गादी घालून झोपणं माझ्याकडे बंद आहे. प्रत्येकाला बाज किंवा पलंग आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. दाराखाली बोटभरही फट नको, मोरीच्या तोंडाला जाळी हवी, घराभोवती दहा फूट जागा मुरूम टाकून स्वच्छ ठेवा, सरपणाचा ढीग लांब. रात्री ओसरीवरून उतरताना बॅटरी आणि बंद चपला. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरा मारायचा नाही, मंत्रात वेळ घालवायचा नाही. 108 ला फोन किंवा स्वतःची गाडी, आणि थेट सरकारी रुग्णालय. हंगाम सुरू होण्याआधी तिथे जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविष शिल्लक आहे का हे दरवर्षी विचारून या आणि रुग्णालयाचा नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. लाल विंचवालाही हलकं घेऊ नका, मुलांच्या हृदयावर त्याचं विष जातं. त्यावर प्राझोसिन गोळीचा उपचार रुजवला तो डॉ. हिंमतराव बावस्करांनी. काम त्यांनी महाडला केलं, पण ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता दाखवण्यासारखं काय आहे ते. ताई, तुमच्या घरापासून पहिल्या दिवशी पाहुण्यांना पितळखोऱ्याला पाठवा. वेरूळ, अजिंठा त्यांनी शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं. पितळखोरा फार थोड्यांना माहीत आहे, आणि ती देशातल्या सर्वांत जुन्या बौद्ध लेण्यांपैकी एक आहे, इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. वरून सपाट माळ दिसतो, कुठे काही असेल असं वाटत नाही. मग पायऱ्या सुरू होतात आणि जमीन दुभंगल्यासारखी दरी उघडते. खाली ओढा, दोन्ही अंगांना मिळून 14 लेणी. खडक ठिसूळ असल्याने बरंच ढासळलंय. पण विहाराच्या जोत्यावर कोरलेली हत्तींची रांग बघा. घर बांधणारा म्हणून मी दरवेळी तिथे थांबतो, ते आणखी एका गोष्टीसाठी. वरच्या डोंगराचं पावसाचं पाणी लेण्यात शिरू नये म्हणून त्यांनी खडकातून नळी काढली आहे आणि ते पाणी दाराजवळ कोरलेल्या पाच फण्यांच्या नागाच्या फण्यांतून बाहेर पडेल अशी छिद्रं ठेवली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आधी पाण्याची वाट ठरवली आणि मग त्यावर नाग कोरला. माझ्याकडे नवीन गवंडी आला की मी त्याला एकदा तिथे नेतो.

या लेण्यांना दान देणाऱ्यांत प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, अत्तराचा व्यापारी आहे, त्याचं नाव शिलालेखात आहे. इथेच सापडलेली यक्षाची एक मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिच्यावर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास, धंद्याने सोनार. आपल्या मातीतला एक सोनार दगडावर स्वतःचं नाव लिहून गेला, हे मुलांना तिथे उभं करून सांगा. लक्षात राहतं.

श्रावण-भाद्रपदात त्याच ओढ्याला धबधबा असतो. तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ येतं, तासाभरात पाणी वाढतं. वर आभाळ काळं झालं असेल तर खाली उतरू नका, हा माझा नियम आहे आणि मी पाहुण्यांना तो मोडू देत नाही. कन्नडचा औट्रम घाट उतरायचा असेल तेव्हाही हेच. 31 ऑगस्ट 2021 ला एका रात्रीच्या पावसाने त्या घाटात जागोजागी दरडी कोसळल्या होत्या. मुसळधार पावसात पाहुण्यांचा बेत बदलायला सांगणं हे घरमालकाचं काम आहे, पैसे परत द्यावे लागले तरी.

गौताळा अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, साधारण 260 चौरस किलोमीटरचं, बरंचसं आपल्याकडे आणि थोडं चाळीसगाव बाजूला. साग, सालई, धावडा, पळस, खैर, अंजन, असं पानझडीचं जंगल. आषाढात पहिला पाऊस मुरला की चार दिवसांत डोंगराचा रंग बदलतो, सीतान्हाणीचा धबधबा साधारण श्रावणात जोर धरतो. भाद्रपदात तेरडा आणि सोनकी. पण उन्हाळ्यातलं जंगल लोक उगाच टाळतात. फाल्गुनात पानं गळलेली असतात, पळस पेटलेला असतो, आणि पानांचा आडोसा नसल्याने पाणवठ्यावर येणारी नीलगाय, रानडुक्कर, मोर लांबून दिसतात. सकाळी सहा ते नऊ, त्यानंतर घरी परत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राणी मोजतं, त्यात नागरिकांनाही घेतात. नाव नोंदवून एकदा बसा.

बिबट्या आहे. 2021 साली विदर्भातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघसुद्धा चालत चालत गौताळ्यात पोहोचला होता. पण जाहिरातीत वाघ-बिबट्याचं नाव घालू नका. पाहुणा दोन दिवसांत तो दिसेल या आशेने येतो, नाही दिसला की हिरमुसून जातो, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेला स्वर्गीय नर्तक पक्षी त्याने बघितलेलाच नसतो. बिबट्या तुमच्या अंगणात येऊ नये याची काळजी मात्र घ्या. उरलेलं मटण, कोंबडीची हाडं बाहेर टाकली की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो. खरकटं खड्ड्यात पुरा. वानरांना कोणालाही काही खाऊ घालू देऊ नका, एकदा सवय लागली की ती दारं उघडायला शिकतात.

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे दारावर लिहा, नाहीतर दरवर्षी दोन-चार कुटुंबं हात हलवत परत येतील. म्हैसमाळ पावसाळ्यातच, तेही रविवार सोडून. अंतूरचा किल्ला ज्यांना चालायची सवय आहे त्यांच्यासाठी. त्याच्या वाटेवर निजामशाही काळातला फारसी अक्षरांचा दगडी खांब आहे, कुठली वाट कुठे जाते ते सांगणारा. आजच्या पाटीसारखाच.

घाट उतरून पाटणादेवीला जाणार असाल तर आधीची रात्र गच्चीवर काढा. पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. ज्या डोंगरात ग्रह-ताऱ्यांचं गणित शिकवलं जाई, तिथलं आभाळ अजून बऱ्यापैकी काळं आहे. हे तुमच्या जागेचं मोठं धन आहे आणि ते एका मोठ्या एलईडी दिव्याने तुम्ही घालवू शकता. सगळे दिवे गुडघ्याच्या उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले ठेवा. अमावास्येच्या आजूबाजूला पौष-माघात दक्षिणेला डोंगराच्या कडेवर अगस्तीचा तारा दिसतो, क्षितिजापासून फार वर चढत नाही. जेठात रात्र चढली की तिकडेच वृश्चिक राशीतल्या विंचवाची नांगी दिसते आणि तिच्यातून आकाशगंगेचा पट्टा वर चढतो. दुर्बीण लागत नाही. बाज आणि गोधडी पुरे.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. पनीरवर पैसे घालू नका. एक एकर ज्वारी लावा. पौष-माघात हुरड्याला आली की आगटी करायची: वीतभर खड्डा, गोवऱ्यांचा विस्तव फुलवून त्यात कणसं खुपसायची. कणीस बाहेर काढलं की गरम असतानाच तळहातांत चोळायचं, फुंकर मारून फोल उडवायचं आणि तो हिरवा, दुधाळ दाणा तसाच समोरच्याच्या हातावर द्यायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. चोळणारी माणसं गावातली घ्या आणि त्यांना चांगली मजुरी द्या, कारण तळहात भाजतात. तुमच्याकडची येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, इथे कोणी करत नाही. कडब्याची कोप, आंबिल, भज्जी, उंडे हे सगळं तुम्ही स्वतः घालून एक वर्ष पाहुण्यांना बोलवा. सुट्टीचं पहिलं घर आपल्या लोकांनी शेतातल्या त्या कोपीतच बघितलेलं असतं.

कागदांचं थोडक्यात. तुमचा गट अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे वनखात्याकडून लेखी घ्या, त्यावर बाकी सगळं ठरेल. बांधकामाची आणि अकृषिक वापराची स्थिती तहसीलमध्ये विचारा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. शेती चालू ठेवणार असाल तर तीच वाट धरा. सातबारा आणि मोजणी नकाशा आधी जुळवून घ्या. वनहद्दीचा दगड शेतात कुठे आहे हे मोजणीदारासमोर बघितल्याशिवाय कुदळ मारू नका.

खर्चाचा आकडा मी मुद्दाम देत नाही. दगड तुमच्या शेतात किती निघतो त्यावर तो निम्म्याने खालीवर होईल.

तुम्ही कामाला दिवाळीनंतर सुरुवात म्हणताय. त्याआधी येत्या वैशाखात तुम्ही दोघं एक दुपार आणि एक रात्र त्या जागेवर काढा. बाज बरोबर न्या. चार वाजता बाभळीची सावली कुठे पडते, साडेपाचला डोंगराची कुठपर्यंत येते, तिथे चुन्याची रेघ मारा. रात्री वारा कुठून येतो ते लिहून ठेवा. सकाळी शेजारच्या दोन विहिरींत दोरीला दगड बांधून पाणी किती फुटांवर आहे ते मोजा आणि विहिरीच्या मालकालाच विचारा, माघात किती होतं. हे आकडे मला पाठवा, मग नकाशा काढतो.